नववी-दहावीतलं मूल गप्प झालंय? घरच्यांनी काय करावं

परीक्षा वाईट गेली की दोन दिवस तोंड पाडून बसणं वेगळं. पण दोन आठवडे उलटले तरी झोप नाही, मित्र आले तरी बाहेर जात नाही, शाळेच्या वेळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही, असं असेल तर थांबू नका. या वयातलं नैराश्य बऱ्याचदा रडण्यापेक्षा चिडचिडीतून दिसतं. ‘उद्धट झालाय’ म्हणून मोकळं होऊ नका.

१. बोलतं करा. समोर बसवून ‘काय झालंय ते सांग’ म्हटलं की ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. भाजी निवडताना, गाडीवरून जाताना बोलणं सोपं जातं. जे दिसलं तेवढंच बोला: ‘हल्ली तू ताटातलं नुसतं चिवडतोस, रात्रीही जागाच असतोस.’ मग गप्प राहा. खरं तर हेच आपल्याला जमत नाही. लगेच ‘तुला कमी काय आहे?’ सुरू होतं.

२. मरणाबद्दल थेट विचारा. ‘जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर रागावू नका, एकटं सोडू नका आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. फवारणीची औषधं, आजीच्या गोळ्या कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

३. मदत घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येतं. फोन पालकांनीही करावा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला मुलावर जास्त लक्ष ठेवा. अस्वस्थता वाढली तर लगेच डॉक्टरांना कळवा. बरं वाटलं म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका.

४. शाळेत सांगा, पण मुलाला विचारून. वर्गशिक्षकांना कल्पना असली की गृहपाठाचा तगादा तरी थांबतो. नातेवाइकांना सगळं सांगायची गरज नाही. आत्याने फोनवर खोदून विचारलं तर ‘तब्येत बरी नाही, औषध चालू आहे’ एवढं पुरे.