हात चालतो म्हणून नेलची थिअरी निघत नाही

कॅलिफोर्नियात मॅनिक्युरिस्टच्या, म्हणजे नखांचं काम करणारीच्या, लायसन्ससाठी 400 तासांचा कोर्स लागतो, हे शाळेत नाव घालतानाच तुम्हाला कळलं असेल. 1 जानेवारी 2022 पासून प्रॅक्टिकल परीक्षा बंद झाली, हेही कानावर आलं असेल. "आता नुसती लेखी राहिली, झालंच समजा," असं मला कितीजणींनी सांगितलं! त्या बोलण्यावर विसंबू नका. ज्यांचा हात बसलेला आहे त्यांनाच ही परीक्षा जास्त अडवते, कारण हात दाखवायची सोय आता उरलेली नाही. समोर संगणक, इंग्रजी प्रश्न आणि चार पर्याय, एवढंच.

मी नाशिकला पार्लरमध्ये बरीच वर्षं काम केलं. मॅनिक्युअर, पेडिक्युअर, मेंदी, नंतर अ‍ॅक्रिलिक आणि जेलसुद्धा. आपल्याकडे पार्लर काढायचं तर गुमास्ता काढायचा आणि बोर्ड लावायचा. सरकारी परीक्षा कुणी घेत नाही. इथे सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आल्यावर पहिल्या खेपेला माझी थिअरी निघाली नाही. खूप लागलं ते मनाला. आज दुसऱ्या कुणाला त्याच जागी बसलेलं पाहिलं की पोटात तुटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. नखं सुंदर कशी करायची, यावर या परीक्षेचा भर नाही. तुमच्या खुर्चीत बसलेलं माणूस तुमच्या हातून आजारी पडणार नाही ना, हे तिला तपासायचं असतं. प्रश्न वाचताना हा चष्मा लावलात तर निम्मी कोडी सुटतात.

माझे गुण गेले ते स्वच्छतेच्या भागात. त्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे.

पार्लरमध्ये आपण "सॅनिटाइझ कर गं" म्हणतो आणि त्यात सगळं येतं. परीक्षेत मात्र क्लीनिंग, डिसइन्फेक्शन आणि स्टरिलायझेशन ही तीन वेगळी कामं आहेत. साबण-पाण्याने, ब्रशने घासून दिसणारी घाण काढणं म्हणजे क्लीनिंग. त्याने बरेच जंतू जातात, सगळे जात नाहीत. डिसइन्फेक्शनने निर्जीव पृष्ठभागावरचे बहुतेक जीवाणू, विषाणू आणि बुरशी मरते, पण जीवाणूंचे स्पोअर, म्हणजे कवचातली त्यांची चिवट रूपं, शिल्लक राहू शकतात. स्टरिलायझेशनमध्ये स्पोअरसुद्धा जातात. त्यासाठी दाबाखालच्या वाफेचं ऑटोक्लेव्ह लागतं. डिसइन्फेक्टंट कातडीवर लावायचं नसतं. कातडीसाठी अँटिसेप्टिक.

इथपर्यंत पाठ करणं सोपं आहे. फसगत होते ती क्रमात. समजा असा प्रश्न आला: ग्राहकाचं काम झालं, धातूच्या पुशरवर (क्युटिकल मागे ढकलायच्या अवजारावर) डोळ्यांना काहीच दिसत नाही, तर आधी काय कराल? पर्याय आहेत डिसइन्फेक्टंटमध्ये बुडवणं, अल्कोहोलने पुसणं, यूव्हीच्या पेटीत ठेवणं आणि साबण-पाण्याने धुणं. पार्लरची सवय असलेला हात थेट डिसइन्फेक्टंटकडे जातो. उत्तर आहे साबण-पाणी. खरकटं चिकटलेल्या कढईत नुसतं गरम पाणी ओतून ठेवलं तर ती स्वच्छ होत नाही, आधी घासावीच लागते. तसंच हे आहे. तेल, लोशन, कातडीचा भुगा वर राहिला तर औषध खालच्या जंतूंपर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी धुवा, मग खळखळून काढा, मग कोरडं करा आणि मगच बुडवा. पुशर मुठीसकट पूर्ण बुडालं पाहिजे, अर्धं वर राहिलेलं चालत नाही. आणि बाटलीवर लिहिलेला वेळ, बहुधा 10 मिनिटं, ते तसंच ओलं राहिलं पाहिजे. फवारलं आणि लगेच पुसलं, तर डिसइन्फेक्शन झालंच नाही. द्रावण तयार करताना आधी पाणी, मग त्यात डिसइन्फेक्टंट, म्हणजे फेस होत नाही. हातमोजे आणि गॉगल घालूनच. द्रावण रोज बदलायचं, आणि दिवस संपायच्या आत गढूळ झालं तर त्याच क्षणी.

यूव्हीची निळी पेटी बघून कुणीही भुलतं. सलोनमधली ती पेटी फार तर आधीच डिसइन्फेक्ट केलेली अवजारं ठेवण्यासाठी. ती डिसइन्फेक्शनच्या जागी चालत नाही, स्टरिलायझेशनच्या तर नाहीच नाही. लाकडी काडी, बफर, साधी कागदी फाइल या सच्छिद्र वस्तू एका ग्राहकाला वापरल्या की कचऱ्यात. इथे काटकसर मनात आणू नका.

हे सगळं मला खऱ्या अर्थाने पटलं ते वॉटसनव्हिलची हकिकत वाचल्यावर. सांताक्रूझ काउंटीतलं हे गाव. 2000 साली तिथल्या एकाच नेल सलोनमध्ये पेडिक्युअर केलेल्या शंभरावर ग्राहकांच्या पायांवर गळवं उठली. जंतू होता मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम. पाय बुडवायच्या व्हर्लपूल टबात पाणी जिथून आत ओढलं जातं, त्या जाळीच्या मागे केस आणि कातडीचा कचरा साठला होता आणि तिथे हा जंतू वाढत होता. आदल्या दिवशी वगैरे पायांवर रेझर फिरवलेल्या बायकांना धोका अधिक होता. टब वरून स्वच्छ दिसत असणार, जाळी काढून मागचं कुणी घासलं नव्हतं. आज कॅलिफोर्नियात टब कधी साफ केला याची नोंदवही ठेवावी लागते. "जाळी काढा, घासा, मग औषध" ही ओळ पाठ करताना त्या बायकांचे पाय आठवा, मग ती ओळ विसरणार नाही.

आता बाकीचं. क्युटिकल आणि एपोनिकियम यांत घोळ घालू नका. क्युटिकल म्हणजे नखाच्या पृष्ठभागाला चिकटलेली मृत पातळ त्वचा. ती काढता येते. एपोनिकियम ही नखाच्या मुळाशी असलेली जिवंत कातडी, तिला कापायचं नाही. सलोनमध्ये दोन्हींना सर्रास क्युटिकलच म्हणतात, परीक्षेत म्हणू नका.

रोगांची नावं बघून घाबरायला होतं, पण ती जोड्यांनी लावून घेतली की बसतात. ऑनिकोलिसिसमध्ये नख टोकाकडून सुटायला लागतं, गळून पडत नाही. ऑनिकोमॅडेसिसमध्ये ते मुळाकडून सुटून पडतं. पॅरोनिकिया म्हणजे नखाभोवतीच्या कातडीची सूज. ऑनिकोमायकोसिस म्हणजे बुरशी. नाव ओळखता आलं तरी निदान करणं आपलं काम नाही. संसर्ग दिसला की सेवा द्यायची नाही, डॉक्टरकडे जायला सांगायचं. "काय कराल" असा प्रश्न असेल तर रोगाचं नाव सांगून उपाय करणारा पर्याय डोळे झाकून खोडा.

रसायनात अ‍ॅक्रिलिकचा मोनोमर (द्रव), पॉलिमर (पावडर) आणि इनिशिएटर (घट्ट होण्याची क्रिया सुरू करणारा) यांची कामं समजून घ्या. मिथाइल मेथॅक्रिलेटचा द्रव मोनोमर इथे सलोनमध्ये ठेवायलाही बंदी आहे. टाचेची कातडी तासायचं ब्लेडही बंद. सेफ्टी डेटा शीटचे, म्हणजे रसायनाच्या धोक्यांची माहिती देणाऱ्या कागदाचे, 16 भाग असतात. हाडं तर दहावीच्या विज्ञानाइतकीच: मनगटात 8, तळहातात 5, बोटांत 14. यावर फार दिवस घालवू नका.

भाषेबद्दल. परीक्षा व्हिएतनामी, स्पॅनिश आणि कोरियन भाषांतही देता येते. मराठी किंवा हिंदीत नाही. माझ्या वर्गात व्हिएतनामी मैत्रिणी होत्या आणि या धंद्यावर त्यांची जी पकड आहे ती कष्टाची आहे. 1975 साली टिपी हेड्रन या अभिनेत्रीने सॅक्रामेंटोजवळच्या निर्वासितांच्या छावणीत आपली मॅनिक्युरिस्ट नेऊन सुमारे वीस व्हिएतनामी बायकांना हे काम शिकवायला लावलं, तिथून ही परंपरा वाढली. आपण काय करायचं? व्याख्या इंग्रजीतच पाठ करायची, पण कारण मराठीतून स्वतःला मोठ्याने समजावायचं. रात्री भांडी आवरताना मी नवऱ्याला टबाच्या पायऱ्या सांगायचे. त्याला काडीचा रस नव्हता, पण माझा क्रम पक्का झाला.

फोनवरच्या अ‍ॅपमधले आयते प्रश्न पाठ करणं मला अजिबात मान्य नाही. शेवटच्या आठवड्यात चाचणी म्हणून ठीक, पण अभ्यास म्हणून नाही. शब्द थोडा फिरवला की पाठांतर कोसळतं, आणि त्यातली कित्येक उत्तरं चक्क चुकीची असतात. सलोनमधल्या ज्येष्ठ ताईंकडून फाइल धरायला शिका, अ‍ॅक्रिलिकचा थेंब उचलायला शिका. परीक्षेबद्दल मात्र नुकतीच पास झालेली मुलगी गाठा. वीस वर्षांपूर्वी लायसन्स घेतलेल्या ताई प्रेमाने सांगतात, पण त्यांची परीक्षा वेगळी होती. दुसऱ्या राज्यातल्या वहिनीचा सल्लाही तपासून घ्या: न्यू जर्सीत 300 तास लागतात, टेक्सासमध्ये 600.

पहिल्या खेपेला नाही निघाली तर खचू नका. पुन्हा फी भरून पुन्हा देता येते, आणि दुसऱ्या वेळी कुठला धडा कच्चा आहे हे तुम्हाला नेमकं ठाऊक असतं.

डिपेंडंट व्हिसावर असाल तर एक गोष्ट स्पष्ट सांगते. लायसन्स म्हणजे कामाचा परवाना नाही. एच-4 वर शिकता येतं, पण वर्क परमिट हातात आल्याशिवाय सलोनमध्ये पैसे घेऊन एक नखही करू नका, मालकीण कितीही "रोख देते" म्हणाली तरी.

आणि अर्ज भरताना नाव नीट बघा. आपल्याकडे माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, असं कागदागणिक बदलतं. परीक्षेला जे ओळखपत्र नेणार आहात त्यावर जसं नाव आहे, अक्षर न् अक्षर तसंच अर्जात घाला. फरक असेल तर केंद्रावर जायच्या आधीच लायसन्स देणाऱ्या राज्याच्या बोर्डाला कळवून दुरुस्त करून घ्या.