फुफाट्यात चालणाऱ्या गाडीचा फोम फिल्टर

मोटरसायकलच्या इंजिनात जाणारी हवा गाळणारा एअर फिल्टर धुतला की काम झालं, असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. मला विचाराल तर धुण्यापेक्षा तो बसवणं मोठं काम आहे. फिल्टर मळला तर गाडीची ओढ कमी होते, ॲव्हरेज पडतं. पण लख्ख धुतलेला फिल्टर कडेला नीट टेकला नाही, तर धूळ बाजूने थेट इंजिनात शिरते. त्या धुळीत वाळूचे जे बारीक कण असतात ते लोखंडापेक्षा कठीण. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचा बोअर घासले जातात, सायलेन्सर निळा धूर टाकायला लागतो आणि पुढे इंजिन खोलावं लागतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडच्या खेड्यांत जनावरांना कृत्रिम रेतन करत फिरतो. मागे गोठवलेलं वीर्य ठेवायचा द्रव नायट्रोजनचा कंटेनर बांधलेला आणि निम्मी वाट पांदणीची. सकाळी माजावर आलेल्या गाईकडे संध्याकाळपर्यंत पोचावंच लागतं. गाडी बंद पडली तर पुढच्या माजापर्यंत त्या शेतकऱ्याचे एकवीस दिवस वाया जातात. म्हणून फिल्टर मी स्वतःच बघतो.

आधी आपल्या गाडीत कोणता फिल्टर आहे ते पुस्तिकेत पाहा. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. कोरडा कागद असेल तर हलक्या हवेने आतून बाहेर झटकता येतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण जोर लावला तर कागद फाटतो, आणि ती बारीक फट डोळ्यांना दिसतही नाही. काही गाड्यांत कागद कंपनीतूनच तेलात भिजवून येतो. त्याला हवा नाही, पाणी नाही, मुदत झाली की सरळ नवा टाकायचा. इथून पुढचं सगळं फोमच्या फिल्टरबद्दल आहे. कच्च्या रस्त्यांच्या गाड्यांना तोच सोयीचा, कारण तो धुवून पुन्हा वापरता येतो.

साइड कव्हर किंवा सीट काढण्याआधी आजूबाजूची माती ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर खोलताना तीच आत पडते. फिल्टर काढताना तिरपा करून सावकाश ओढा आणि लगेच इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. फडकं लाल किंवा पिवळं घ्या, म्हणजे आत विसरणार नाही. आता त्या तोंडाच्या आतल्या बाजूने बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर गळत होता हे पक्कं. मग कड, इंजिनाकडे जाणारी रबरी नळी म्हणजे रबर बूट आणि त्याचा क्लॅम्प तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फोम जाळीवरून सोडवा. घमेल्यात रॉकेल घ्या. आजकाल ते सहजी मिळत नाही, डिझेलही चालतं. पेट्रोल मात्र नको, त्याने फोमचे चिकटवलेले जोड सुटतात आणि आगीची भीती वेगळी. फोम बुडवून तळहातांत दाबायचा आणि सोडायचा. कपड्यासारखा पिळला की जोड फाटतो. तेल निघालं की भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात तसंच दाबत धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग सावलीत वाळवा. मे महिन्याच्या उन्हात तो लवकर वाळतो खरा, पण तसाच लवकर कडकही होतो. उरलेलं घाण रॉकेल विहिरीजवळ किंवा ढोरांच्या हौदाकडे ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवर द्या.

वाळलेला फोम उजेडासमोर धरून हलकासा ताणा. जोड उकलतोय, बोटांत चुरा येतोय किंवा दाबल्यावर पुन्हा फुगत नाही, असं दिसलं तर नवा घ्या. इथे पैसे वाचवायला जाऊ नये.

आता तेल. कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही; धूळ धरून ठेवतं ते तेलाचं चिकट अस्तर. फोम फिल्टरचं खास तेल मागवून ठेवा. इंजिन ऑईल उन्हाळ्यात पातळ होऊन खाली उतरतं, वरचा भाग कोरडा पडतो आणि धूळ तिथूनच वाट काढते. अगदीच अडलं तर ट्रॅक्टरवाल्याकडचं नव्वद नंबर गिअर ऑईल बरं, ते जाड असतं. फोम प्लास्टिकच्या पिशवीत टाका, तेल ओता आणि बाहेरून मळत राहा. सगळीकडे एकसारखा रंग आला पाहिजे, फिकट डाग म्हणजे कोरडी जागा. जास्तीचं तेल दाबून काढा. थेंब गळत असेल तर ते जास्तच झालं.

एअरबॉक्स, म्हणजे फिल्टर बसतो ती पेटी, पुसून घ्या, तळाची नळी दाबून साचलेलं पाणी-तेल काढा. नाल्यातून गाडी काढली असेल तर हे हमखास करा. फिल्टरच्या कडेला जिथे तो बॉक्सला टेकतो तिथे ग्रीसचा पातळ, अखंड थर लावा. तोंडातलं फडकं काढा. फिल्टर बसवल्यावर कडेने पूर्ण गोल बोट फिरवून पाहा: कुठे दुमडला, उचलला तर काढून पुन्हा बसवा. बोल्ट बेताने आवळा, जाळी वाकली तर कड उचलते.

किती दिवसांनी करायचं, हे हंगामावर जातं. सोयाबीनच्या मळणीत भुसा, हिवाळ्यात जिनिंगच्या रस्त्यावर कापसाचे तंतू, उन्हाळ्यात कोळशाच्या ट्रकांमागची काळी धूळ. तंतू वरच्यावर बसतात, ते हाताने उचलले तरी पुरे. त्यासाठी फिल्टर सोडवू नका, कारण प्रत्येक वेळी खोलताना थोडी धूळ आत जातेच. काळ्या धुळीत मात्र दर पंधरवड्याला बघा. एक फोम तेल लावून पिशवीत तयार ठेवला की अदलाबदल दहा मिनिटांत होते.

नवा बसवल्यावर आठेक दिवसांनी एकदा उघडून कडेचं ग्रीस बघा. बाहेरच्या बाजूला ते काळं झालेलं असणारच. आतल्या बाजूलाही काळी रेघ दिसली, तर तेवढ्याच जागेवर कड उचललेली आहे. तिथला फोम सरळ करा आणि ग्रीस पुन्हा लावा.