गाइडलाइन नसली तरी नेम लागावा म्हणून

साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत कुठल्याही कट्ट्यावर मोबाईलवर पूल, म्हणजे टेबलावर काठीने चेंडू पॉकेटमध्ये घालण्याचा खेळ, खेळणारी मुले दिसतात आणि त्यांतील बऱ्याच जणांचा हात मुळात कॅरमवर बसलेला असतो. ही शिदोरी उपयोगाची असली तरी अर्धीच पुरते. सोंगटी कुठे टिपली म्हणजे ती कोणत्या दिशेने जाईल याचा अंदाज कॅरम खेळून येतो. मात्र टिपल्यानंतर स्ट्रायकर जसा वागतो तसा पूलमधला पांढरा चेंडू, म्हणजे ज्याला काठीने मारून रंगीत चेंडू टिपायचा तो, वागत नाही. स्ट्रायकर सोंगटीच्या जवळपास तिप्पट जड असल्यामुळे टक्कर झाल्यावरही पुढेच रेटत जातो, तर पूलमधील चेंडू सारख्या वजनाचे असतात. त्यामुळे पांढरा चेंडू न गरगरता, नुसता घसरत येऊन रंगीत चेंडूच्या कडेला लागला, तर तो रंगीत चेंडूच्या वाटेशी काटकोन करून निघतो. गरगरत आला असेल तर त्या काटकोनाच्या वाटेवरून पुढच्या बाजूला झुकतो.

नेम चुकण्याचे सर्वांत मोठे कारण असे, की खेळाडू रंगीत चेंडूवरचा स्पर्शबिंदू बरोबर ओळखतो आणि पांढऱ्या चेंडूचा मध्य थेट त्या बिंदूवर रोखतो. पांढऱ्या चेंडूलाही स्वतःची जाडी असल्यामुळे त्याची कड आधीच लागते आणि फटका हवा त्यापेक्षा जाड, म्हणजे रंगीत चेंडूच्या मध्याकडे जास्त, बसतो. रोखायचे असते ते स्पर्शाच्या क्षणी पांढऱ्या चेंडूचा मध्य जिथे असेल त्या जागेवर. पॉकेटपासून रंगीत चेंडूच्या मध्यातून मागे रेषा वाढवली, की चेंडूच्या मध्यापासून बरोबर एका चेंडूच्या व्यासाएवढ्या अंतरावर ही जागा येते.

हे डोळ्यांत भरवण्यासाठी ड्रॉइंगचा एक कागद, पट्टी, कोनमापक आणि रुपयाची दोन सारखी नाणी पुरतात. नाण्याभोवती पेन्सिल फिरवून गोल काढावा, तो कापून दोनदा दुमडावा. घड्या जिथे छेदतात तिथे मध्य मिळतो. मग पॉकेट म्हणून एक खूण करून दोन नाणी एकमेकांना चिकटवून ठेवावीत आणि दोन्ही मध्यांतून जाणारी रेषा त्या खुणेवर येईपर्यंत मागचे नाणे, म्हणजे पांढरा चेंडू, फिरवावे. पांढऱ्या चेंडूचा मध्य रंगीत चेंडूच्या कडेवर रोखला, म्हणजे अर्धा चेंडू झाकला, की रंगीत चेंडू पांढऱ्याच्या वाटेपासून 30 अंशांनी वळतो; हे कागदावर कोनमापकाने मोजून पाहावे. पाऊण चेंडू झाकला तर हा कोन सुमारे 14.5 अंश आणि पाव झाकला तर सुमारे 48.6 अंश होतो. एवढे तीन कोन पक्के ओळखता आले, की मधले फटके त्यांच्या आधाराने बसवता येतात. मला विचाराल तर अर्ध्या चेंडूचा फटका आधी घोटावा, कारण चेंडूची कड हे पडद्यावर स्पष्ट दिसणारे एकमेव लक्ष्य आहे.

यानंतर गेममधील ऑफलाइन सराव सुरू करावा. तिथे गाइडलाइन, म्हणजे चेंडू कुठे जाईल हे दाखवणारी रेषा, दिसते ती वापरण्यात गैर काहीच नाही. फक्त क्रम बदलावा. आधी नुसत्या नजरेने क्यू, म्हणजे खेळण्याची काठी, लावावा, चेंडू पॉकेटच्या तोंडाच्या डाव्या कडेवर जाईल की उजव्या हे मनात ठरवावे आणि त्यानंतरच रेषेकडे पाहावे. अनेक गेममध्ये क्यूच्या गुणांनुसार ही रेषा लांब होते, म्हणून सरावाला मुद्दाम साधा, आखूड रेषेचा क्यू घ्यावा. काही गेममध्ये सरावापुरती रेषा बंदही करता येते. ती सोय असेल तर जरूर वापरावी. पहिले काही दिवस स्पिन, म्हणजे पांढऱ्या चेंडूला मध्याबाहेर मारून दिलेली फिरकी, अजिबात लावू नये, कारण चूक नेमाची की स्पिनची हे मग कळेनासे होते.

बोट उचलताना क्यू किंचित सरकतो, ही मोबाईलवरची खास अडचण आहे. मोठी दिशा बोटाने लावून शेवटचा बारीक फरक पडद्याच्या कडेला असलेल्या नेमाच्या चाकाने करावा, फोन टेबलावर टेकवावा आणि काचेवरचा तेलकटपणा पुसून घ्यावा. सातारा–कराड एसटीत बसून खेळणे वेळ घालवायला ठीक आहे, सराव म्हणून ते धरू नये.

चुकलेल्या प्रत्येक फटक्यापुढे वहीत ‘जाड’ की ‘बारीक’ (चेंडू हवा त्यापेक्षा कमी झाकला गेला तर) आणि कट, म्हणजे तिरका फटका, डावीकडचा की उजवीकडचा, एवढेच लिहावे. फोनमधील स्क्रीन रेकॉर्डर यासाठी फार उपयोगी पडतो: संपलेला डाव थांबवून पाहता येतो, त्या चित्रावर पट्टी ठेवून रेषा तपासता येते. एकाच बाजूच्या नोंदी वाढू लागल्या, की तेवढ्याच बाजूचा सराव करावा.

चालू डावात पडद्यावर पट्टी ठेवणे मात्र मला मान्य नाही, समोरच्याला ते दिसत नसले तरी. दुसऱ्या अॅपवरून शेवटपर्यंत रेषा ओढून दाखवणारी साधने तर सरळ फसवणूकच आहेत आणि त्यांच्यामुळे खाते कायमचे बंद होऊ शकते. शिवाय अशी अॅप्स बऱ्याचदा प्ले स्टोअरबाहेरून घ्यावी लागतात आणि पडदा वाचण्याची परवानगी मागतात. ज्या फोनवर यूपीआय आहे त्यावर ही परवानगी देणे घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देण्यासारखे आहे.

कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर आपटवून, मारायचे फटके शेवटी घ्यावेत. पूलचे टेबल लांबीला रुंदीच्या दुप्पट असते आणि त्याच्या कडेवरच्या खुणा समान अंतरावर असतात, त्यामुळे मोजणे सोपे जाते. पॉकेटचे प्रतिबिंब कुशनच्या पलीकडे तितक्याच अंतरावर आहे असे मानून त्याच्यावर नेम धरावा. मात्र चेंडूचा मध्य कुशनपासून त्रिज्येएवढा अलीकडेच वळतो, हे हिशेबात घ्यावे. जोर आणि स्पिन यांनी परतीचा कोन बदलतो आणि प्रत्येक गेममध्ये तो सारखाच बदलेल असे नाही. म्हणून एकाच जागेवरून एकच फटका हलका, मध्यम आणि जोराचा असा मारून पाहावा आणि चेंडू समोरच्या कडेला कोणत्या खुणेवर पोहोचला ते त्याच वहीत टिपून ठेवावे.