एकट्या पालकाने क्रेडिट कार्डाचे कर्ज कसे फेडावे

क्रेडिट कार्डाच्या कर्जात अडकलेल्या एकट्या आईला किंवा वडिलांना पहिला सल्ला मिळतो तो काटकसरीचा, आणि तो देणाऱ्यांचे मी आता ऐकूनही घेत नाही. एका पगारात घरभाडे, मुलांची रिक्षा, शिकवणी आणि म्हाताऱ्या आईची औषधे बसवणाऱ्या बाईला काटकसर शिकवावी लागत नाही. तिचे कर्ज हॉटेलच्या बिलांनी वाढलेले नसते. ते जून महिन्यातल्या शाळेच्या फीने, दवाखान्यात आगाऊ भरलेल्या रकमेने किंवा कोर्टाने मंजूर केलेल्या पण हातात कधीच न पडलेल्या पोटगीच्या भरवशावर केलेल्या खर्चाने वाढलेले असते. मी कोल्हापुरात पगारदार नोकरांच्या एका पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते. मुलाला एकटीने वाढवले, स्वतःचे कार्ड फेडून बंद केले, आणि त्यानंतर अनेकींची स्टेटमेंटे समोर घेऊन बसले. त्यातून माझे मत पक्के झाले आहे की, कार्डाचे कर्ज आधी स्वस्त कर्जात फिरवावे लागते, म्हणजे कमी व्याजाचे कर्ज काढून कार्ड फेडावे लागते, आणि फिरवल्याच्या दिवशीच कार्ड बंद करायला घ्यावे लागते. बाकीच्या गोष्टी त्यानंतर.

पहिली पायरी : आकडा मांडा आणि कार्ड वापरणे थांबवा

सर्व कार्डांची एकूण बाकी, व्याजदर आणि कार्डावर चालू असलेले हप्ते एका कागदावर लिहा. बहुतेक कार्डांवर महिन्याला ३ ते ३.७५ टक्के व्याज लागते, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के, आणि त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. समजा बाकी १,२०,००० रुपये आहे आणि दर साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज ४,२०० आणि जीएसटी ७५६, मिळून ४,९५६ रुपये झाले. दरमहा भरायची किमान रक्कम बाकीच्या पाच टक्के धरली तर ती ६,००० येते. ती वेळेवर भरणाऱ्या बाईचे मूळ कर्ज त्या महिन्यात जेमतेम १,०४४ रुपयांनी कमी होते, आणि त्याच महिन्यात तिने दोन हजारांचा किराणा कार्डावर भरला तर ते वाढते. दरमहा न चुकता सहा हजार भरूनही हे कर्ज फिटायला साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागतो आणि एकूण अडीच लाखांच्या आसपास रक्कम जाते. हेच कर्ज १२ टक्क्यांनी असते तर त्याच सहा हजारांच्या हप्त्यात ते दोन वर्षांच्या आत, सुमारे १,३५,००० रुपयांत फिटले असते. हिशेब मांडून दाखवला की समोरची बाई बहुधा गप्प बसते, कारण ती चुकारपणा करत नव्हती, नियमितच भरत होती.

मागची बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. तेव्हा आजपासून कार्ड वापरायचे नाही, किराण्यालाही नाही.

दोन खोट्या आशाही याच वेळी सोडून द्याव्यात. तीस टक्क्यांहून जास्त व्याज बेकायदा आहे, भरू नकोस, असे सांगणारा कुणीतरी भेटतोच. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ती मर्यादा घातली होती खरी, पण सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी ती रद्द केली आहे. दुसरी आशा पोटगीची. ती खात्यात जमा झाल्यावर कर्जात भरावी, हप्त्याच्या हिशेबात मात्र कधीही धरू नये.

दुसरी पायरी : पगाराचे खाते

कार्ड ज्या बँकेचे आहे त्याच बँकेत पगार जमा होत असेल तर तो दुसऱ्या बँकेत वळवून घ्या, कारण थकबाकी झाली तर कार्डाच्या करारातील अटींनुसार बँक तुमच्या खात्यातील रक्कम परस्पर वळती करून घेऊ शकते.

तिसरी पायरी : कर्ज फिरवणे

मला स्वतःला सर्वांत जड गेलेली पायरी हीच, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी इथेच अडतात, म्हणून ती सविस्तर सांगते.

स्वस्त पैसा कुठून आणायचा याचा क्रम ठरलेला असावा. मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी असेल तर तिच्यावरचे कर्ज सर्वांत आधी. त्यानंतर नोकरीच्या ठिकाणची पगारदारांची पतसंस्था, मग बँकेतले सोनेतारण. यांपैकी काहीच शक्य नसेल तर कार्डाच्याच बँकेकडून संपूर्ण बाकी हप्त्यांत बदलून घ्यावी; तिथे दर आणि प्रक्रिया शुल्क दोन्ही जास्त असतात, तरी ते मूळ व्याजाच्या निम्म्याहून कमी पडू शकते. एका कार्डाचे पैसे दुसऱ्या कार्डाने भरणे, मोबाइलवरचे झटपट कर्ज आणि शेकड्याला महिना पाच-दहा रुपये घेणारा सावकार हे तीन मार्ग माझ्या यादीत नाहीत. भिशीत आधीपासून असाल आणि चिठ्ठी लवकर लागली तर ती रक्कम जरूर भरा, पण कार्ड फेडण्यासाठी लिलावाची भिशी कमी रकमेत उचलणे म्हणजे महाग व्याजच होय.

पतसंस्थेत एकट्या बाईची अडचण व्याजाची नसते, सह्यांची असते. माझे कार्ड फेडायचे होते तेव्हा मी दुसरीकडे नोकरीला होते. ज्या संस्थेची मी कित्येक वर्षांची सभासद होते, तिथल्या व्यवस्थापकांनी माझा अर्ज उघडूनही न पाहता, ‘मिस्टरांना घेऊन या,’ एवढेच सांगितले. वेगळे राहणे वर्षानुवर्षांचे, घटस्फोटाचा निकाल अजून लागायचा, आणि मिस्टर कुठून आणायचे हा प्रश्न. विधवेला मृत्यूचा दाखला आणि घटस्फोटितेला हुकूमनामा दाखवता येतो. नुसती वेगळी राहणारी बाई मात्र कागदावर विवाहितच असते. अशा वेळी वाद घालू नये आणि रडूही नये. संस्थेचे पोटनियम मागून घ्यावेत. आमच्या पोटनियमांत कर्जदार सभासद आणि दोन जामीनदार सभासद एवढीच अट होती, नवऱ्याच्या सहीचा उल्लेखही नव्हता. तो रकाना छापील अर्जावर केवळ वहिवाटीने आला होता. मी तो रकाना रिकामा ठेवला, सोबत एक साधे पत्र जोडले, आवक-जावक विभागात अर्ज देऊन पोच घेतली आणि नामंजूर झाल्यास कारण लेखी द्यावे अशी विनंती केली. पुढच्या मासिक सभेत कर्ज मंजूर झाले. तोंडी नकार देणे सोपे असते, लेखी कारण देणे सोपे नसते, हे मी आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूने रोज पाहते. पगारातून हप्ता कापून संस्थेकडे भरण्याचे मालकाचे हमीपत्र अर्जाला जोडले तर काम आणखी हलके होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये या कपातीची तरतूद आहे.

जामीनदार निवडताना सासरचे कोणी घेऊ नये. पुढे पोटगीची किंवा मुलाच्या ताब्याची तक्रार उभी राहिली की त्या सहीचा उपयोग दबाव म्हणून होतो. ‘तू मला जामीन राहा, मी तुला राहते,’ ही अदलाबदलही मी सुचवत नाही. आपल्याकडे जामीन राहणे हा मैत्रीचा दाखला मानतात, पण करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि मैत्रिणीचा हप्ता थकला तर कपात तुमच्या पगारातून होऊ शकते. ज्या घरात पगार एकच आहे तिथे हा धोका पत्करू नये.

जामीनदार मिळत नसतील तर सोनेतारण. दागिना मोडायचा नाही, तारण ठेवायचा. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, मोड दिली की घडणावळ गेली ती गेलीच. मात्र काय ठेवायचे याचा विचार करावा. कोल्हापुरी साज आणि ठुशी वजनाला भरतात, पण मूल्यांकन करणारा आतली लाख, दोरा आणि खडे वजा करून निव्वळ सोने धरतो, त्यामुळे हाती येणारी रक्कम पाहून निराशा होते. भरीव पाटल्या, बिल्वर किंवा साखळी यांच्यावर जास्त मिळते, शिवाय साज घरात राहतो. कर्ज हप्त्याचे घ्या. वर्षाअखेरीस एकरकमी फेडायचे कर्ज स्वस्त वाटले तरी पगारदार बाईला ते सोसत नाही; वर्ष संपते, रक्कम जमलेली नसते, मग नुसते व्याज भरून नूतनीकरण होते आणि शेवटी लिलावाची नोटीस येते. मुदतीआधी रक्कम भरल्यास शुल्क आहे का, हे सही करण्यापूर्वी विचारा. मिळते तेवढे सगळे कर्ज उचलू नका, कार्डाच्या बाकीइतकेच घ्या.

चौथी पायरी : भरण्याचा दिवस

कर्जाची रक्कम खात्यात आली की त्याच दिवशी कार्डाच्या बँकेला फोन करून ‘आज संपूर्ण बंद करायचे तर किती?’ असे विचारा. स्टेटमेंटवरचा आकडा भरून चालत नाही, कारण स्टेटमेंट निघाल्यापासून पैसे पोहोचेपर्यंतचे व्याज पुढच्या बिलात येते. बाई समजते की सगळे फिटले, बिल उघडतही नाही, आणि तीनशे-चारशे रुपयांच्या बाकीवर उशिराचे शुल्क चढत राहते. कार्डावर चालू असलेले हप्ते आणि मोबाइल, विमा वगैरेंची आपोआप होणारी वजावटही त्याच फोनवर विचारून घ्या आणि वजावटी बँक खात्याकडे वळवा.

रक्कम भरल्यावर लेखी अर्ज किंवा ईमेल करून कार्ड बंद करायला सांगा. ‘असू दे घरात, अडीअडचणीला होईल,’ हा सर्वांत वाईट सल्ला. रिकामे झालेले कार्ड कपाटात राहिले तर जून येतोच, आणि मग पतसंस्थेचा हप्ता व कार्डाची बाकी अशी दोन कर्जे होतात. माझ्याकडे दुसऱ्यांदा येणाऱ्या जवळपास प्रत्येकीचे असेच झालेले असते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेला बंधनकारक आहे, आणि त्यापुढे दर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो. बंद करू नये म्हणून गोड बोलून नवी ऑफर देणाऱ्या प्रतिनिधीला हे निर्देश आठवून द्यावेत. बाकी नसल्याचा दाखला मागून फाइलला लावा.

फिरवणे जमलेच नाही तर

तीन महिने भरू नकोस, बँक आपणहून निम्म्यावर येते, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ आहेत. तडजोडीने कमी रक्कम भरून खाते मिटवता येते, पण पत-अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदी असलेल्या अहवालात, ते पूर्ण फिटले असे न लिहिता तडजोडीने मिटवले अशी नोंद होते. दोन पालकांच्या घरात एकाची पत गेली तर दुसऱ्याची कामाला येते. आपल्या घरात अहवाल एकाचाच. मुलाच्या शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतो आणि त्याचा अहवाल पाहिला जातो, म्हणून मूल नववी-दहावीत असेल तर मी तडजोडीला स्पष्ट नाही म्हणते. नोकरी गेली आहे, सोने नाही, खाते आधीच थकले आहे, अशा स्थितीत मात्र ती करावी. बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि उरलेली बाकी माफ असल्याचा उल्लेख असलेले पत्र आल्याशिवाय एक रुपयाही भरू नये, आणि भरायचा तो कार्डाच्या खात्यातच, वसुलीवाल्याच्या मोबाइल क्रमांकावर नव्हे. वसुलीवाल्याला धनादेश लिहून देऊ नका. कार्डाची थकबाकी हा दिवाणी विषय आहे, पण न वटलेला धनादेश फौजदारी होतो.

वसुलीचे फोन सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत, आणि नातेवाईक, शेजारी किंवा ओळखीच्या लोकांसमोर बदनामीही करता येत नाही. फोनची तारीख आणि वेळ वहीत लिहा, बँकेकडे लेखी तक्रार करा, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे वकील लागत नाही. प्रकरण लोकअदालतीत मिटवायचे असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे फारच थोड्या जणींना ठाऊक असते.

पाचवी पायरी : पुढचा जून

पोस्टात आवर्त ठेव उघडा आणि ती फक्त शाळेच्या खर्चासाठी ठेवा, हप्ता पाचशेचा असला तरी चालेल. बालसंगोपन योजनेत एका पालकाच्या मुलांचाही समावेश होतो, तेव्हा जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अटी विचारून अर्ज द्या. दवाखान्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. जवळचे कोणते रुग्णालय त्यात बसते हे आजारपण येण्याआधी पाहून ठेवा. दिवाळीचा बोनस पतसंस्थेच्या कर्जात भरा.

कार्ड बंद झाल्यावर दोन महिन्यांनी पत-अहवाल मागवा. सिबिलसारखी प्रत्येक पत माहिती कंपनी वर्षातून एकदा तो मोफत देते. कार्डाच्या नावापुढे खाते बंद आणि बाकी शून्य असे दिसले पाहिजे. तसे नसेल तर दाखल्याची प्रत जोडून त्या कंपनीकडे आणि बँकेकडे दोन्हीकडे तक्रार करा. दुरुस्तीला ३० दिवसांहून जास्त लागले तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे, आणि ती मागताना संकोच करू नये.