दिव्यांग वापरकर्त्यांकडून वेबसाइट तपासून घ्यायची तर

वेबसाइट आपोआप तपासणाऱ्या साधनानं शंभरपैकी शंभर दिले की साइट सुगम्य, म्हणजे दिव्यांगांना वापरता येण्याजोगी झाली, असं नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या ऑफिसांत अजून छातीठोकपणे सांगतात. फोटोंच्या बाबतीत वर्णन आहे की नाही, एवढंच ते साधन पाहतं. वर्णनात नुसतं ‘फोटो ४७’ लिहिलंय, यानं त्याचं काही अडत नाही. ते चालवा, सापडेल ते दुरुस्त करा आणि मग माणसं बोलवा.

सहकाऱ्याला डोळे मिटून बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. रोज स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारा इतक्या वेगानं ऐकतो की आपल्याला शब्दही उमगत नाही, आणि तो शीर्षकांवरून उड्या मारत पान चाळतो. डोळे मिटून ही सवय येत नाही.

चार-पाच जण पुरेत. सगळे अंध नकोत. अल्पदृष्टी असलेले, फक्त कीबोर्डवर काम करणारे, कर्णबधिर असे वेगवेगळे हवेत. फोन त्यांचा, टॉकबॅक (फोनवरचा) किंवा एनव्हीडीए (संगणकावरचा) असा स्क्रीन रीडरही त्यांचाच. वाशी-ठाणे लोकलनं येणार असतील तर स्टेशनवर कोणीतरी घ्यायला जा. मानधन द्या. साहेब खर्चाला नाही म्हणाले, तर ३० एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समोर ठेवा: डिजिटल केवायसी करून घेणाऱ्या संस्थांना ॲप-वेबसाइटच्या चाचणीत अंध व्यक्तींना सामील करून घ्यायला त्यात सांगितलं आहे.

काम एका वाक्यात द्या: ‘पाणीपट्टी भरा.’ कुठलं बटण दाबायचं ते सांगू नका.

आता गप्प बसायचं. मला सगळ्यात जड गेलं ते हेच. समोरचा ओटीपीच्या रकान्यापाशी अडकतो, वेळ संपत येते आणि आपल्या तोंडून निघतं, “खाली आहे बघा.” झालं, चाचणी संपली! कधी मध्ये पडायचं ते आधीच ठरवा आणि त्यांनाही सांगून ठेवा. “आता काय करू?” असं विचारलं तर “मी नसतो तर काय केलं असतं?” एवढंच म्हणा. डेव्हलपरला दुसऱ्या खोलीतून बघू द्या. शेजारी बसवलात तर तो सफाई देत बसेल.

आणि “छान आहे हो साइट” यावर भुलू नका. आपल्याकडे चहा पाजणाऱ्याच्या तोंडावर कोणी वाईट बोलत नाही. त्याऐवजी विचारा, “शेवटी काय झालं?” अर्ज गेला असं ते सांगतात, आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत चूक दाखवलेली असते. स्क्रीन रीडरनं ती वाचलेलीच नसते. हे फक्त असं बसूनच सापडतं.

मराठी पान असेल तर कोडमध्ये भाषा मराठी नोंदवली आहे ना ते आधीच पाहा, नाहीतर इंग्रजी आवाज मराठीची चटणी करतो.

व्हिडिओ कॉलवर चाचणी घेताना संगणकाचा आवाजही शेअर करायला सांगा. लांबलचक अहवालापेक्षा अडलेल्या जागांचं रेकॉर्डिंग, त्यांच्या परवानगीनं, डेव्हलपरना दाखवा. दुरुस्ती झाली की त्याच माणसांना पुन्हा बोलवा, मानधनासकट.