दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी कशी राखावी

मुलांकडे परदेशात पाच-सहा महिने राहून परत यावे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीची किल्ली फिरवावी आणि बॉनेटखालून नुसती ‘टक् टक्’ ऐकू यावी, हा अनुभव पुष्कळ घरांत येतो. निघण्यापूर्वी अर्धा तास दिला, तर बहुतेक वेळा तो टाळता येतो.

गाडी बंद केली तरी तिच्यातील सगळेच बंद होत नाही. अलार्म, सेंट्रल लॉकिंगचा रिसीव्हर, घड्याळ आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरची मेमरी यांना थोडा करंट सतत लागतो, आणि सुस्थितीतल्या गाडीत तो साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो. हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु ३० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला सुमारे ०.७ आणि महिन्याला २१-२२ अँपिअर-अवर (बॅटरीतल्या चार्जचे माप) खर्च होतात. लहान पेट्रोल गाडीतली बॅटरी अनेकदा ३५ अँपिअर-अवरची असते, म्हणजे महिन्याभरात निम्म्याहून अधिक चार्ज संपला. शिवाय बॅटरी आपली आपणही थोडी उतरत असते, आणि उन्हाळ्यात तो वेग वाढतो. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर प्लेटांवर जमलेले लेड सल्फेट कडक होत जाते. मग कितीही चार्ज केली तरी तिची मूळ ताकद परत येत नाही. खरे नुकसान हे आहे.

म्हणून निघण्याआधी साधा मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावून बॅटरी मोजावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी, बॉनेट सोडून काहीही न उघडता मोजलेला आकडाच विश्वासार्ह असतो. १२.६ किंवा अधिक आले तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी, आणि १२ च्या खाली आकडा गेला असेल तर आधी चार्जिंग, मग प्रवासाची तयारी.

शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन ‘आठवड्यातून एकदा पाच मिनिटे चालू करा’ असे सांगण्याची पद्धत आपल्याकडे फार रुजली आहे. मीही एकदा तसेच सांगून गेलो होतो आणि दोन महिन्यांनी परतल्यावर मीटरवर ११.९ दिसले. कारण हिशेबातच आहे. उभ्या गाडीत इंजिन आयडलवर असताना बॅटरीला १० अँपिअर मिळाले असे मानले, तरी पाच मिनिटांत ०.८ अँपिअर-अवरच परत येतात, आणि आठवड्याचा खर्च पाचच्या आसपास असतो. कोणी विश्वासू माणूस गाडी चालवणार असेल, तर दर आठवड्याला मोकळ्या रस्त्यावर, एसी बंद ठेवून, सलग ३०-४० मिनिटे चालवण्यास सांगावे. ते शक्य नसेल, तर किल्ली कोणाला देऊच नये.

बेसमेंटच्या पार्किंगमध्ये बहुधा प्लग पॉइंट नसतो; अशा ठिकाणी निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवणे हाच मला सर्वांत खात्रीचा मार्ग वाटतो. पुष्कळ गाड्यांना त्यासाठी १० नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्हच सोडवावे, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट सर्किट होते. सुटलेली वायर कापडात गुंडाळून बाजूला बांधावी, म्हणजे ती परत टर्मिनलला टेकणार नाही. त्यानंतर रिमोट चालत नाही. त्यामुळे रिमोटमधली लोखंडी किल्ली ड्रायव्हरच्या दाराला लागते का, हे आधीच पाहून घ्यावे. बॅटरी डिकीत असेल, तर करंटशिवाय डिकी कशी उघडायची हे मॅन्युअलमध्ये वाचल्याखेरीज हात लावू नये. पूर्ण भरून अशी सोडवलेली चांगली बॅटरी तीन-चार महिने तग धरते.

स्वतंत्र गॅरेज आणि जवळ प्लग असेल, तर बॅटरी भरल्यावर व्होल्टेज आपोआप उतरवणारा, २ ते ४ अँपिअरचा ऑटोमॅटिक चार्जर घ्यावा. स्थानिक दुकानातला जुन्या पद्धतीचा चार्जर महिनोन्महिने लावून ठेवू नये. तो थांबत नाही आणि बॅटरीतले पाणी उडवतो. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत एजीएम (अ‍ॅसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेली) बॅटरी असू शकते, तेव्हा लेबल वाचून चार्जरवर तोच पर्याय निवडावा. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो, त्यामुळे हवा खेळती हवी आणि ठिणगी जवळ नको. चिमटे आधी लावावेत, स्विच नंतर चालू करावा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तर टर्मिनल सोडवून खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने घासावी, कोरडे करून वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा.

परतल्यावर निगेटिव्ह जोडण्याआधी पुन्हा एकदा मोजावे. १२.४ च्या खाली असेल, तर जम्प स्टार्टने, म्हणजे दुसऱ्या बॅटरीला वायरने जोडून, गाडी सुरू होईलही, पण तेवढ्याने बॅटरी भरत नाही. तिला रात्रभर चार्जरवर ठेवावे. टर्मिनल जोडल्यावर घड्याळ लावावे लागते, काही गाड्यांत म्युझिक सिस्टीम कोड मागते, आणि एका स्पर्शात वर जाणाऱ्या काचा अर्ध्यावर थांबत असतील, तर बटण दाबून काच पूर्ण वर नेऊन काही सेकंद तसेच धरल्यास बहुतेक गाड्यांत त्या पूर्ववत चालतात.