थांबून थांबून येणारं मिसिंग: जुन्या गाडीत ते शोधताना या चुका टाळा

सतत मिसिंग मारणारी, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्यानं हिसके देणारी गाडी दुरुस्त करणं त्या मानानं सोपं. एक सिलिंडर बंद पडला की तो बंदच राहतो आणि गॅरेजमध्ये उभ्या गाडीवरही सापडतो. डोकेदुखी असते ती सकाळी साखळीहून निघताना हिसके देणारी आणि पणजीत गॅरेजच्या दारात पोचेपर्यंत सुतासारखी सरळ झालेली गाडी. मेकॅनिक बॉनेट उघडतो, दोनदा रेस करून बघतो, ‘काय नाय हो, प्लग बदलून टाकूया’ म्हणतो. आठवडाभरानं पहिले पाढे पंचावन्न.

गोव्यात हा त्रास जास्त होतो, कारण इथली हवाच गाडीच्या विजेच्या भागांची परीक्षा घेते. पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, किनाऱ्याकडे हवेत मीठ, आणि कितीतरी गाड्या वर्षानुवर्षं माडाखाली नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या. कार्बोरेटरची (इंजेक्टरऐवजी साध्या यंत्रानं हवेत पेट्रोल मिसळणारी) मारुती 800, ओम्नी, जुनी झेन सांभाळणारी माणसं पेडण्यापासून काणकोणपर्यंत आहेत. या गाड्या साध्या आहेत, दुरुस्त होण्यासारख्या आहेत. बिघाड न शोधता पार्ट बदलत सुटल्यामुळे त्या भंगारात जाव्यात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मिसिंग कधी येतं, हे न टिपणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाचं निम्मं निदान तो कधी येतो यातच असतं. गाडीत एक छोटी वही ठेवा आणि मिसिंग आलं की लगेच लिहा: इंजिन थंड होतं की गरम, पाऊस होता का, चढ होता की सिग्नलला उभे होतात, टाकीत पेट्रोल किती होतं.

पावसाळी सकाळी स्टार्ट करताच हिसके, आणि इंजिन तापल्यावर पाच-दहा मिनिटांत सगळं ठीक, असं असेल तर ओल शिरली आहे. डिस्ट्रिब्युटर (करंट एकेका सिलिंडरच्या प्लगला वाटणारा भाग) आणि त्याची कॅप, प्लगच्या वायरी, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलचं तोंड हे आधी बघा. उलट सकाळी गाडी छान, पण मे महिन्यात दुपारी पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये रखडल्यावर मिसिंग, आणि अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा ठणठणीत, तर संशय कॉइल, इग्निशन मॉड्यूल (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) किंवा हेच काम उघडझाप करणाऱ्या पॉइंटनं होणाऱ्या जुन्या गाडीत पॉइंटजवळच्या कंडेन्सरवर घ्यावा. कार्बोरेटरच्या गाडीत उष्णतेनं पेट्रोलच्या पाइपात वाफ धरते, तेही याच वेळी होतं.

चोर्ला किंवा अनमोड घाट चढतानाच गाडी मिसिंग मारत असेल, तर ठिणगी कमी पडते की पेट्रोल, हे ओळखायचं. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि वाढलेल्या दाबात ठिणगीला प्लगच्या फटीतून उडी मारणं अवघड जातं. म्हणून सपाटीवर निभावून नेणारी कॉइल किंवा झिजलेला प्लग चढावर उघडा पडतो. ठिणगीचा दोष असेल तर हिसके तुटक आणि झटक्यासरशी येतात. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी हळूहळू दम सोडते, आणि पाय काढून थोडं थांबलं की पुन्हा ओढते. मग फिल्टर आणि पंप तपासा. फक्त आयडलिंगला मिसिंग आणि रेस केल्यावर साफ, असं असेल तर कुठून तरी फालतू हवा आत ओढली जातेय किंवा टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट) जास्त टाइट आहेत. व्हॅक्यूमचे रबरी पाइप हातात घेऊन वाकवून पाहा, चिरा लगेच दिसतात.

एवढी माहिती हातात असली की मेकॅनिकलाही काम करता येतं. जमलं तर गाडी ज्या वेळी त्रास देते त्याच वेळी त्याला घेऊन चक्कर मारा.

कोरड्या दिवशी तपासणं आणि कॅपच्या आत न डोकावणं

ओलीचा दोष कडक उन्हात सापडत नाही, तो मुद्दाम ओढवून आणावा लागतो. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवा, कुठं पेट्रोल गळत नाही याची आधी खात्री करून घ्या, मग फवाऱ्याच्या बाटलीतून वायरी आणि कॅपवर पाण्याचा हलका फवारा मारा. चिरलेल्या वायरीतून इंजिनच्या लोखंडावर निळसर ठिणग्या उडताना दिसतील, टकटक आवाजही येईल. हात लांब ठेवा. त्या वायरीत वीस हजार व्होल्टच्या वर दाब असू शकतो. चालू इंजिनवर हातानं वायर उपसून ‘करंट येतो का’ बघायची पद्धत सोडून द्या. झटका तर बसतोच, शिवाय इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत मॉड्यूल किंवा कॉइल जाऊ शकते.

डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून नुसती पुसून परत बसवतात, तेही चुकीचं. कॅप उजेडाकडे धरून आतली बाजू निरखा. पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या टोकांमधून केसाएवढी काळी रेघ गेलेली दिसली, तर ती मळाची नव्हे. करंटनं स्वतःसाठी जाळून काढलेली ती वाट आहे. कोरड्या हवेत ठिणगी बरोबर जागी जाते, दमट हवेत त्या वाटेनं पळते. अशी रेघ खरवडून पुन्हा वापरू नका, कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर दोन्ही बदला. मधला कार्बनचा खिळा स्प्रिंगवर दाबला जातो का, हेही बघा. वायरी काढायच्या आधी त्यांवर नंबर घाला, उलटसुलट लागल्या की नवं दुखणं सुरू.

एकाच वेळी सगळं बदलणं

प्लग, वायरी, कॉइल, फिल्टर एका फटक्यात बदलले आणि मिसिंग गेलं, तर कशामुळे गेलं ते कळत नाही. गेलं नाही, तर पैसे गेले आणि दोष तसाच राहिला. एक पार्ट बदला, दोन दिवस चालवा. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत पार्ट विकत घ्यायचीही गरज नाही. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) ‘पी 0302’ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग दिसत असेल, तर तिथली कॉइल तिसऱ्यावर लावा. पुढच्या वेळी कोड ‘पी 0303’ झाला तर कॉइल दोषी. तसाच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर बघायचा.

प्लग मात्र काढून वाचावा. बिस्किटी रंग ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओशट काळा म्हणजे ऑइल आत येतंय. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नका, आतल्या चिनी मातीला बारीक तडा जातो आणि तो बऱ्याचदा गरम झाल्यावरच त्रास देतो.

अर्थिंग आणि टाकी विसरणं

कोळंगुट, बाणावली अशा समुद्रालगतच्या गाडीत मी इंजिन ते बॉडीची अर्थिंग पट्टी फार लवकर तपासायला सांगेन. वरून वायर चांगली दिसते, टोकाचा लग (वायर बोल्टला जोडणारी कडी) सोडवला की आत हिरवी पूड. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर ठेवून स्टार्टर मारा. 0.2 व्होल्टपर्यंत चालेल. अर्धा व्होल्ट दिसला तर पट्टी बदला.

टाकीचंही तसंच. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. पावसाळाभर पाव टाकीवर उभी राहिलेली गाडी वळणावर किंवा उतारावर अचानक अडखळते, त्यामागं हे असू शकतं. जुने रबरी पाइपही इथेनॉलनं मऊ पडतात आणि आतून सुटलेले कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, अडकतात. बाटलीतलं औषध ओतण्यापेक्षा फिल्टर कापून आत काय साचलंय ते बघा.

इंजिन प्रेशरनं धुऊन घेणंही टाळा. प्लगच्या खड्ड्यात पाणी साचून राहतं आणि ‘सर्व्हिसिंगनंतर मिसिंग’ सुरू होतं.

एवढं सगळं ठीक असेल तर कंप्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्या. सिलिंडरमधला फरक 10-15 टक्क्यांहून जास्त असेल तर दोष व्हॉल्व्ह, रिंग किंवा हेड गॅस्केटमध्ये आहे, तिथं प्लग बदलून काही होणार नाही. गॅसवर चालवलेल्या गाडीत टॅपेट आधी सेट करून मगच मोजा.

आणि मिसिंग मारत असलेली गाडी ‘चालतेय तोवर चालू दे’ म्हणून दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो लालभडक होऊन आतून वितळू शकतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर पाय हलका करून गाडी बाजूला घ्या. उन्हाळ्यात काजूच्या बागेशेजारी वाळल्या गवतावर मात्र ती उभी करू नका.